खुशीच्या नावाची नळी

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज अल्लीपुरात एकवीस नाकं झाली.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं आणि हात धुऊन आले. घरी पोचल्यावर एकदा धुतले होतेच. माणसाच्या शरीरात देवाने इतक्या सुंदर गोष्टी केल्या, मग चेहऱ्याच्या अगदी मधोमध ही मोरी का ठेवली, हे मला एकसष्टाव्या वर्षीही कळलेलं नाही.

धनंजयच्या अभ्यासाचा हा तिसरा हिवाळा. आता तो डॉ. धनंजय, विभागप्रमुख, पण एमबीबीएसला होता तेव्हा मी त्याच मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. मेसचं जेवण त्याच्या घशाखाली उतरत नसे, म्हणून माझ्या डब्यातली पोळी खायचा. मी निवृत्त झाल्यावर त्यानेच बोलावलं. "कुसुमताई, घरी बसून काय करणार?" यजमान जाऊन वर्ष झालं होतं. खरंच, काय करणार होते?

काम सोपं आहे. अल्लीपुरातली सहा घरं माझ्याकडे, सव्वीस माणसं. हिवाळ्यात दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवायची, ती नळीत बुडवायची, नळी बर्फाच्या पेटीत ठेवायची. आजारी असो वा नसो. शोधायचा आहे तो सर्दीचा एक अगदी साधा विषाणू. ओसी४३ असं त्याचं नाव, एखाद्या बसच्या नंबरासारखं. त्या बदनाम कोरोनाच्याच कुळातला, पण गरीब नातेवाईक. कोणी विचारत नाही. आपल्या सगळ्यांना तो लहानपणापासून कितीदा तरी होऊन जातो. त्याच गावात, त्याच माणसांत तो दरवर्षी थोडं थोडं रूप कसं बदलतो आणि ओळखीच्या अंगात पुन्हा कसा शिरतो, हे धनंजयला बघायचं आहे. हा विषाणू फार पूर्वी गाईगुरांतून माणसात आला असावा असं तो सांगतो. मला हे ऐकूनच गोठ्याचा वास येतो.

एकवीसमधल्या काही काड्या घरच्यांनीच फिरवल्या. मी समोर उभी होते.

शेवटचं घर चंद्रभानजींचं. म्हातारबा, त्यांची सून कोकिळा, मुलगा, आणि नात खुशी. वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवतात, हिंगणघाटच्या बाजारात नेतात. एक गाय, तिचं दूध गावच्या संकलन केंद्रावर घालतात. खुशी नऊ वर्षांची, फार गोड मुलगी, पण वरच्या ओठावर कायम दोन रेषा. तिच्याशी बोलताना मी तिच्या कपाळाकडे बघते.

आमच्या कॉन्व्हेंटात सकाळच्या प्रार्थनेआधी सिस्टर बेनेडिक्टा रांगेतून फिरायच्या. डाव्या खांद्याला पिनने लावलेला रुमाल, तोही इस्त्रीचा. ज्या मुलीचं नाक वाहत असेल तिला त्या काही बोलत नसत, फक्त दोन पावलं मागे सरकत. त्या दोन पावलांची आम्हाला छडीपेक्षा जास्त भीती होती. तरीही काय स्वच्छ दिवस होते ते! कार्बोलिक साबणाचा वास आला की अजून डोळे भरून येतात.

९ डिसेंबर, सोमवार

कोकिळाकडे कालवड झाली आहे, बारा दिवसांची. ती हगवणीने आजारी आहे. कोकिळाने मला हाताला धरून गोठ्यात नेलं. मी पदर नाकाला लावला. पिल्लाच्या शेपटीपासून खुरांपर्यंत पिवळं लडबडलेलं, नाकातून पाणी, डोळे मिटलेले. सकाळचा चहा वर आला.

"मॅडम, तुमच्या त्या मशिनीत जनावराचं नाई होत काय?"

"नाही गं, ते माणसांसाठी."

"जनावराचा डाक्टर आज येतो, उद्या येतो, असंच करून राह्यला. तिले नेमकं काय झालं ते तरी समजलं असतं."

चंद्रभानजी खाटेवरून म्हणाले, "मानूस काय अन् जनावर काय, नाक तं दोघायलेही हाय." मग स्वतःच हसले आणि हसता हसता खोकले. मी दाराशी जाऊन उभी राहिले.

खुशी शाळेत होती. तिची नळी आणि काडी कोकिळाकडे ठेवून आले. चार वेळा तिने मला करताना बघितलं आहे. हुशार बाई आहे, फ्रिजही आहे. उद्या उरलेल्या घरांना जायचंच आहे, तेव्हा घेईन. विश्वास टाकला की खेड्यातली माणसं तो जपतात.

१० डिसेंबर, मंगळवार

कोकिळाने नळी स्वच्छ पिशवीत घालून दिली, वर कोथिंबिरीची जुडी. बसमध्ये बसून अर्ज भरले. "नमुना कोणी घेतला" या रकान्यात नेहमीप्रमाणे "स्वतः" आणि सही. माझी सही अजूनही शाळेतल्यासारखीच वळणदार आहे. कोथिंबीर मात्र शेजारणीला देऊन टाकली. त्या हातांनी खुडलेली.

२३ डिसेंबर, सोमवार

कालवड मेली. चार दिवस झाले. कोकिळाचा चेहरा उतरला होता. मी जवळ बसले, पाठीवर हात ठेवला. मुकं पिल्लू गेलं की घर सुनं होतं, हे मला कळतं. आमच्याकडे मांजर होतं.

ती म्हणाली, "रिपोट आला काय मॅडम?"

"कोणाचा? खुशीचा? तिला काय झालंय? टुणटुणीत तर दिसते."

तिने गोठ्याकडे बघितलं. "कोरोनात मोबाइलवर येत होता न दोन दिसात. म्या म्हटलं तसाच येईन."

मी समजावलं की हा अभ्यास आहे, यात रिपोर्ट देत नाहीत. तिने मान हलवली आणि उठून चुलीकडे गेली. चहा दिला, पण तिने कपाच्या काठाला अंगठा लावलेला मी पाहिला. दोन घोट घेतले आणि पुरेसं झालं म्हटलं.

या लोकांना सगळ्याचा रिपोर्ट हवा असतो.

२७ डिसेंबर, शुक्रवार

गुंजनचं आणि माझं आज वाजलं. गुंजन म्हणजे धनंजयची पीएचडीची विद्यार्थिनी. पुलगावची, वडील गिरणीत होते, फार कष्टाने शिकली आहे. हे सगळं मला मान्य आहे, पण बोलायची रीत नाही. विषाणूचा जीनोम वाचायचं काम तिचं.

मी आत गेले तर मान वर न करता विचारते, "मॅडम, ए-सहा-चार कोणी घेतला?"

ए-सहा-चार म्हणजे खुशी.

"अर्जावर लिहिलंय."

"अर्ज बघितला. तुम्हाला विचारते आहे. प्रत्येक नळीत आम्ही माणसाच्या पेशींची एक खूण तपासतो. नाक नीट पुसलं असलं की ती भरपूर मिळते. या नळीत ती जवळजवळ नाहीच. आणि विषाणू मात्र ठासून भरलाय. तिथे शेण, दूध, असं काही लागलं होतं का?"

चौतीस वर्षं मी प्रयोगशाळेत काढली. ही मुलगी मला शेणाचं विचारते! मी म्हटलं, "मी स्वतः घेतला आहे, आणि मी हात धुऊन काम करते."

ती म्हणाली, "ठीक आहे. तुम्ही म्हणता म्हणून लिहिते." आणि खरंच लिहून घेतलं, तारीख घालून.

किती उद्धट!

३० डिसेंबर, सोमवार

धनंजयने सगळ्यांना पेढे दिले. खुशीच्या नळीतला विषाणू ओसी४३ नाही. गाईचा आहे! गुरांना हगवण लावणारा, त्याच्याच घराण्यातला. जो प्रवास कधी काळी झाला असं पुस्तकांत नुसतं मांडलेलं असतं, तो आपल्या वर्धा जिल्ह्यात पुन्हा घडताना सापडला, असं तो म्हणाला. टेबलाच्या कडेवर बसला होता, पाय हलवत. मला एकदम तो एकोणीस वर्षांचा धनंजय दिसला. किती वर्षांनी त्याचा चेहरा असा उजळला! तीन वर्षं लोक त्याला "सर्दीवाला डॉक्टर" म्हणून चिडवत होते.

नंतर मला एकटीला आत बोलावलं. "ताई, नमुना तुम्ही स्वतः घेतला ना?"

"हो."

"झालं तर मग. गुंजन म्हणते माणसाची खूण कमी आहे. अहो, लहान मूल आहे, हललं असेल, काडी नीट लागली नसेल. हो ना?"

"हो," मी म्हटलं.

"तिला उगाच शंका काढायची सवय आहे."

मी विचारलं, खुशीचा पुन्हा नमुना घ्यायचा का, मी उद्याच जाते. तो म्हणाला, "नको. पोरीला त्रास नको, लोक घाबरतील. आणि आता तुम्ही एकट्या तिकडे जाऊ नका, मी सांगेन तेव्हाच." मुलीची केवढी काळजी! कॉलेजात होता तेव्हापासून मायाळूच आहे.

पेढा खाल्ला. घशात तूप चिकटून बसलं, संध्याकाळपर्यंत गेलं नाही.

६ जानेवारी २०२५, सोमवार

मला सर्दी. चार दिवस अंथरुणात. अल्लीपूरची फेरी चुकली. रुमालांचा ढीग कोपऱ्यात पडला आहे आणि मी चिमट्याने एकेक उचलून उकळत्या पाण्यात टाकते आहे. स्वतःचीही किळस येते, हे तरी न्यायाचं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पेपरात पहिल्या पानावर: अल्लीपूरच्या नऊ वर्षांच्या मुलीत गाईचा कोरोना. धनंजयचा फोटो, पांढरा कोट, हातात नळी. नाव छापलेलं नाही, पण अल्लीपुरात नऊ वर्षांच्या मुलीच्या घरी दर पंधरा दिवसांनी कोण जातं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

फोन केला. धनंजय म्हणाला, "मी नाही दिली बातमी, कुणीतरी फोडली." मग फोटो कोणी दिला? हे विचारायचं सुचलं तेव्हा फोन ठेवून झाला होता.

२० जानेवारी, सोमवार

न विचारता गेले.

कोकिळाच्या अंगणात दुधाची भरलेली बरणी तशीच होती, वर माश्या. सहा दिवस झाले, संकलन केंद्रावर त्यांचं दूध घेत नाहीत. तिथल्या कैलासने त्यांना सांगितलं, तुमचं एक माप ओतलं तर गावाचं सगळं दूध परत येईल. चंद्रभानजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला पाहून वळले नाहीत.

खुशी घरीच. शाळेत तिला खिडकीपाशी वेगळ्या आसनावर बसवतात. मुलं हंबरतात. तिने मला हे हसत सांगितलं, दोन बोटं डोक्यावर शिंगांसारखी धरून दाखवली, आणि मग एकदम आत पळाली.

मी कोकिळाला म्हटलं, "घाबरू नकोस. खुशीला तो कालवडीकडूनच लागला असेल, आता निघूनही गेला असेल."

कोकिळा उभीच होती, कमरेवर हात. "तिले काई लागलं नाई."

"अगं पण नळीत..."

"ते नळी खुशीची नोती. काडी कालवडीच्या नाकात घातलती म्या."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"पोट्टी तं टनाटन होती. तिची काडी उगाच वाया जात होती न! म्या म्हटलं कालवडीची पाठवतो, रिपोट आला का समजन काय रोग हाय, मंग औषध आनता येईन. तुमाले ईचारलं तं तुम्ही नाई म्हटलं. मले वाटलं, मशिनीले काय समजते कोनाचं नाक हाय!"

"कोकिळा, हे तू मला तेव्हा का नाही..."

"तुम्ही कुठं घेतलं कधी?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तीन वर्षं झाले. खुशीचं नाक कोन पुसते? मीच न! तुम्ही तं तिच्याकडे पाह्यतही नाई जी. मले दिसते."

चंद्रभानजी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "सोड वं. बाई मोठ्या घरची हाय."

बस दीड तासाने होती. मी थांब्यावर उभी राहिले. कुणी पान खाऊन थुंकलेल्या भिंतीपाशी उभी होते, तिथून हललेही नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

धनंजयला सगळं सांगितलं. तो पोळी खात होता, डबा उघडा. खाणं थांबवलं नाही.

"कोकिळाबाई घाबरली आहे ताई. दूध बंद झालंय, आता ती काहीही बोलेल."

"ती खरं बोलते आहे. नमुना मी घेतला नव्हता."

"अर्जावर तुमची सही आहे. गुंजनच्या वहीत तुमचं वाक्य आहे, तारखेसकट. मला तुम्ही दोनदा 'हो' म्हणालात. म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय? जे काही असेल ते नीट ठरवा." बोटं चाटली. भाजीचा पिवळा तेलकट ओघळ मनगटापर्यंत गेला होता. "शुक्रवारी मी लेख पाठवतो आहे. हे बाहेर आलं तर एक नळी जाणार नाही, तुमच्या हातची प्रत्येक नळी जाईल. तीन वर्षांचं अल्लीपूर जाईल. गुंजनची पीएचडी त्यावरच आहे. विचार करा."

मग हसून म्हणाला, "तुमच्या डब्याची सर नाही हो याला."

याला मी खाऊ घातलं होतं. बाहेर येऊन बेसिनवर ओकले.

२३ जानेवारी, गुरुवार

कोकिळाचा फोन. खुशी आता शाळेत जायचंच नाही म्हणते. दूध गोठ्यामागे ओततात.

अल्लीपूरला जाऊन कैलासला भेटले. केंद्रावर आणखी दोघे-तिघे होते. सगळ्यांसमोर सांगितलं की ती नळी कालवडीची होती, मुलीची नाही, चूक माझी.

कैलास दुधाच्या कॅनवर बसला होता. "असं काय? मंग कोनावर भरोसा ठेवाचा जी? पेपरावर, का तुमच्यावर?"

मागून एकजण म्हणाला, "मॅडम पहिले म्हनत, मी काडी घातली. आता म्हनत, नाई घातली. उद्या म्हनतीन नाकच नोतं." सगळे हसले. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर.

कैलास उठला, जरा मऊ झाला. "पाहा मॅडम, कोकिळावहिनी आमच्या घरच्यासारखी हाय. पन तोंडी सांगनं येगळं. पेपरात छापून आलं तं खोडालेही कागदच लागन. सही-शिक्क्याचा कागद आना. उद्याच्या उद्या दूध घेतो."

२४ जानेवारी, शुक्रवार

आज लेख जाणार. दिवसभर काही केलं नाही. फोनकडे बघत बसले.

यजमानांच्या शेवटच्या महिन्यात घशातला कफ नळीने ओढून काढायचा असे, दर दोन तासांनी. नर्सने मला शिकवलं होतं. मी टेक्निशियन, माझ्यासाठी काहीच नव्हतं. पण मी आया ठेवली. ती काम करायची आणि मी दाराबाहेर उभी राहून त्यांना आवडणारी भजनं म्हणायची. सगळे म्हणायचे, काय सेवा केली कुसुमने. मीही तेच म्हणत आले. या वहीतसुद्धा, मागच्या वर्षी, तेच लिहिलं आहे. पान काढून बघितलं.

दुपारी चार वाजता संस्थेच्या नैतिकता समितीला पत्र लिहिलं. एक पान. स्वतः जाऊन आवक क्रमांक घेतला. येताना पाय हलके वगैरे झाले नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार

समितीने लेख थांबवला. धनंजय जिन्यात भेटला. बाजूने जाताना फक्त भिंतीकडे सरकला, माझा पदर लागू नये असा.

गुंजनला मी शोधत गेले. ती डीप फ्रीझरपाशी हातमोजे काढत होती.

"तुझी पीएचडी..."

"हो."

"गुंजन, मी..."

"मॅडम, डिसेंबरमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं. सरांनाही सांगितलं होतं की ही नळी माणसाची वाटत नाही. सर म्हणाले, कुसुमताई म्हणतात ना, मग माणसाचीच." तिने हातमोजे पिवळ्या पिशवीत टाकले. "ते तुम्हाला मानत होते असं नाही. तुमची सही त्यांना सोयीची होती. तुम्हाला हे खरंच कळत नव्हतं?"

पेढा मी खाल्ला होता.

३ फेब्रुवारी, सोमवार

समितीचा निर्णय आला. माझं काम बंद. त्याआधी एकच: अल्लीपूरचे सगळे अर्ज मी पुन्हा बघायचे, आणि जो नमुना मी माझ्या हाताने घेतला नाही त्यावर तसं लिहून सही करायची. उरतील तेवढेच गुंजनने वापरायचे. धनंजयची चौकशी वेगळी.

एकूण अर्ज पाचशे आठ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस लागले. गुंजनच्या खोलीतलं कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं.

पहिल्या दिवशी मी बऱ्याच अर्जांवर बरोबरची खूण केली. चंद्रभानजी, हो, मी घेतला. त्यांच्या मिशा आठवतात. शेजारची म्हातारी, हो. गुंजन मध्येच येऊन गठ्ठ्याकडे बघायची आणि जायची. दुसऱ्या दिवशी मी त्याच खुणा पुन्हा बघितल्या. मिशा आठवत होत्या, पण त्या मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघितल्या होत्या. काडी त्यांच्याच हातात होती. म्हातारीच्या नाकात तिच्या सुनेने घातली होती. मी एकेक खूण खोडत गेले. खाडाखोड केली की शेजारी सही करायची, असा नियम आहे.

"हा नमुना मी स्वतः घेतलेला नाही." माझ्या वळणदार अक्षरात. पन्नास झाल्यावर ते अक्षर बघवेना. शंभरनंतर ते वळणदार राहिलंच नाही.

आज दुपारी संपलं. उरले एकशे त्रेचाळीस.

मी विचारलं, "एवढ्यात तुझं होईल?"

"नाही होणार," गुंजन म्हणाली. "पण एकशे त्रेचाळीस खरे आहेत. पुढच्या हिवाळ्यात मी स्वतः जाईन." मग विचारलं, "कोकिळाबाईंचं घर कुठे आहे, तेवढं दाखवाल?"

खुशीचा तो अर्ज मी शेवटी ठेवला होता. दहा डिसेंबरचा. त्याचीच शिक्क्याची प्रत कैलासला आणि शाळेच्या हेडमास्तरांना द्यायची आहे, म्हणून त्यावर दोन ओळी जास्त लिहिल्या. "हा नमुना मी स्वतः घेतलेला नाही. तो घरच्या आजारी कालवडीचा आहे. मुलगी पूर्ण निरोगी आहे."

शिक्का मारण्याआधी गुंजनने तो वाचला. दोनदा वाचला.

"मॅडम, शेवटची ओळ नको."

"अगं, त्याच ओळीसाठी तर हा कागद आहे! ती पोर शाळेत जात नाही. कैलास 'निरोगी' शब्द शोधेल. घरी दूध सांडतंय."

"माहीत आहे मला." तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. "पण आपण तिला एकदाही तपासलेलं नाही."

मी खुशीच्या नावाचे सगळे अर्ज ओढून घेतले आणि एकेक उलटला. तीन हिवाळे, वीस नळ्या. वीसच्या वीसवर मी या तीन दिवसांत तेच एक वाक्य लिहिलेलं होतं.

शेवटची ओळ खोडली. शेजारी सही केली.

सकाळी पावणेसातची अल्लीपूरची बस आहे. गुंजन येते म्हणाली. मी तिला सांगितलं, पेटी तू धर, काडी माझ्याकडे दे.